पेटाऱ्यातून जहाजावर : मनोरमेचा प्रवास

दोन वर्षांपूर्वी महाड तालुक्यातल्या तळीयेत एका नातलगाकडे गेलो होतो. त्यांची सून दोन मुलं घेऊन मस्कतला निघाली होती. नवरा तिथे आधीच नोकरीला. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा मुलगा जेमतेम अडीच महिन्यांचा. पडवीत बॅगा भरून ठेवलेल्या. एका पिशवीत लसींचं कार्ड, जन्माचा दाखला आणि त्या तान्ह्याचा स्वतःचा पासपोर्ट. फोटोत त्याचे डोळे उघडे यावेत म्हणून महाडच्या स्टुडिओत दोन तास बसावं लागलं होतं, असं सून सांगत होती. घरातली आजी हे सगळं ऐकत गप्प बसली होती. शेवटी म्हणाली, "अगो, येवढंसं पोर घेऊन दर्याच्या पल्याड जातेस. तिथं त्याला बघणार कोण?"

तळीये म्हटलं की वाचकाला २२ जुलै २०२१ आठवतो. त्या दिवशी डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या गावातल्या आजीने "बघणार कोण" असं विचारलं की त्याचा अर्थ केवळ दुपटी कोण धुणार एवढा नसतो. मूल कुणाच्या भरवशावर, कुणाच्या नजरेखाली, कुणाच्या चालीरीतीत वाढणार, हा तो प्रश्न असतो. परतताना एसटीत तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. गेली काही वर्षं मी पंडिता रमाबाईंच्या परदेशप्रवासाची साधनं वाचतो आहे. त्या रात्री घरी येऊन रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचा खंड पुन्हा उघडला आणि माझ्या लक्षात आलं, की या पत्रांत आजवर मी धर्मांतर शोधत होतो, शिक्षण शोधत होतो, सुधारणेचं राजकारण शोधत होतो. जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या पत्रात असलेलं एक लहान मूल मात्र मी ओलांडून पुढे जात होतो. या लेखात त्या मुलाच्या मागोमाग जाण्याचा प्रयत्न आहे.

आधी पेटारा

मनोरमेची गोष्ट तिच्या आईच्या बाळपणापासून सुरू होते. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, म्हणून समाजाशी वाद ओढवून घेतला आणि रानात आश्रम करून राहिले. पाहुणे आणि विद्यार्थी यांचा खर्च पेलेना, कर्ज झालं, आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. तेव्हा रमा सहा महिन्यांची होती. तिला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून डोंगरावरून खाली आणलं, हे रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.

हा पेटारा मला महत्त्वाचा वाटतो. ज्या बाईने पुढे तान्ही मुलगी घेऊन देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आणि मग समुद्रापार प्रवास केला, तिच्या लेखी मूल आणि प्रवास या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येणाऱ्या नव्हत्या. तिचं सगळं बाळपण चालण्यात गेलं होतं. पुराण सांगत, दक्षिणेवर अवलंबून, गावोगाव. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथे पंडितांनी रमेला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी.

मनोरमेचा जन्म १६ एप्रिल १८८१चा. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने गेले. मुलगी तेव्हा दहा महिन्यांचीही नव्हती. रमाबाईंना ना माहेर उरलं होतं, ना सासर. लग्नच जातीबाहेरचं, तेव्हा सासरचा आधार कुठून असणार? त्या मुलीला घेऊन काही महिन्यांत पुण्याला आल्या. १ जून १८८२ रोजी आर्य महिला समाज स्थापन झाला. त्याच वर्षी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघालं. सप्टेंबरात हंटर आयोगापुढे साक्ष झाली, तीत त्यांनी स्त्री-शिक्षकांची आणि स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली. या सगळ्या सार्वजनिक नोंदींच्या मागे घरात एक वर्षाचं मूल आहे, हे आपण वाचताना विसरतो. सभेला जाताना मूल कुणाकडे ठेवलं, हे कुठलाच वृत्तान्त सांगत नाही. वृत्तान्त लिहिणारे पुरुष होते, त्यांना तो प्रश्न पडण्याचं कारण नव्हतं.

एक एप्रिल, दोन प्रस्थानं

१८८३च्या एप्रिलमध्ये दोन मराठी बायका दोन आठवड्यांच्या अंतराने समुद्रापार निघाल्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या. २० एप्रिलला मुंबईहून 'बुखारा' जहाजाने रमाबाई इंग्लंडला निघाल्या. दोघींनाही वैद्यक शिकायचं होतं. दोघी दूरच्या नात्यातल्याही होत्या.

आनंदीबाईंबरोबर मूल नव्हतं. त्यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला होता आणि तो दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, ही बोच त्यांच्या डॉक्टर होण्याच्या निश्चयामागे होती. गोपाळराव पोस्टातले नोकर. बदल्यांच्या ओघात आमच्या जिल्ह्यातल्या अलिबागलाही त्यांचा मुक्काम झाला होता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जातो यावर इंग्रजीत भाषण केलं. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, हा त्यातला मुख्य मुद्दा. अठरा वर्षांचीही न झालेली ती मुलगी हे बोलत होती तेव्हा तिच्या आयुष्यातल्या त्या दहा दिवसांना चारेक वर्षं झाली होती.

रमाबाईंबरोबर मनोरमा होती. तारखा जुळवून पाहिल्या तर जहाज सुटलं तेव्हा तिला दोन वर्षं पूर्ण होऊन फक्त चार दिवस झाले होते. सोबत आनंदीबाई भगत नावाच्या मैत्रीण होत्या. भाड्याची सोय 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून झाली. पासपोर्टचा प्रश्नच नव्हता, त्या काळात इंग्लंडला जायला तो लागत नसे. आज मस्कतला निघालेल्या अडीच महिन्यांच्या बाळाला स्वतःचं पारपत्र लागतं. दोन वर्षांच्या मनोरमेला सरकारच्या लेखी प्रवासी म्हणून कागदाचीही गरज नव्हती. कागद नव्हता तरी अडथळा होता. समुद्र ओलांडला की जात गेली, ही समजूत घट्ट होती. आणि एका विधवेने, तेही मूल कडेवर घेऊन, कुणा पुरुषाच्या सोबतीशिवाय जाणं लोकांच्या बुद्धीला झेपणारं नव्हतं.

इथे त्या काळातल्या जहाजांवरच्या एका गोष्टीची आठवण ठेवावी लागते. हिंदी बाई आणि लहान मूल ही जोडी मुंबई ते लंडन या मार्गावर नवी नव्हती. पण ते मूल बहुधा तिचं नसे. साहेबांची मुलं सांभाळायला आया बरोबर नेल्या जात. इंग्लंडला पोचल्यावर अनेकींना कामावरून काढलं जाई आणि परतीचं भाडं देणारं दुसरं कुटुंब मिळेपर्यंत त्या अडकून पडत. त्यांच्यासाठी लंडनमध्ये 'आयाज् होम' नावाचं आश्रयगृह चालवलं जात होतं. १९०० साली ते हॅकनीला हलवलं गेलं आणि त्या घरावर २०२२ साली स्मृतिफलक लागला आहे. म्हणजे दुसऱ्याचं मूल सांभाळत जाणारी हिंदी बाई जहाजाच्या व्यवस्थेत बसत होती. स्वतःचं मूल घेऊन स्वतःच्या शिक्षणासाठी जाणारी बाई त्या व्यवस्थेत कुठेच बसत नव्हती.

या प्रवासाचं वर्णन रमाबाईंनी मुंबईच्या सदाशिव पांडुरंग केळकरांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात केलं आणि ते १८८३ सालीच 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने छापून निघालं. मे महिन्याच्या मध्यावर त्या इंग्लंडला पोचल्या आणि वांटेज या गावी सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या मठात गेल्या. त्यांच्या पुण्यातल्या शाखेशी ओळख आधीच झालेली होती.

वांटेज

वांटेजमधले पहिले पाच महिने या कुटुंबाच्या आयुष्यातले सर्वांत अवघड म्हटले पाहिजेत. आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. आपल्याला बळजबरीने ख्रिस्ती केलं जाईल या भीतीने त्यांच्या मनाचा तोल गेला होता. परक्या देशात एकुलती एक मराठी बोलणारी मोठी व्यक्ती गेली. रमाबाईंच्या कानांना कमी ऐकू येऊ लागलं होतं, त्यामुळे वैद्यक शिकण्याचा मूळ हेतूच सोडून द्यावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वेळी अडीच वर्षांच्या मनोरमेचाही झाला.

महाराष्ट्रात या बातमीने गदारोळ उठला आणि त्यावर आजवर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण बहुतेक लिखाण एकाच बाप्तिस्म्याबद्दल आहे. दुसरा बाप्तिस्मा, मुलीचा, कुणी वेगळा करून पाहत नाही. रमाबाईंचा निर्णय हा त्यांच्या सदसद्विवेकाचा होता असं त्या स्वतः मानत. मुलीचा निर्णय मात्र तिच्या वतीने आईने घेतला. त्यात त्या काळाच्या दृष्टीने वावगं काही नव्हतं, हिंदू आईही मुलाच्या वतीने हेच करते. पण पुढच्या दोन वर्षांत हाच प्रश्न रमाबाईंवर उलटून आला. मुलीच्या वतीने ठरवायचं कुणी?

१८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात राहू लागल्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील. रमाबाई तिथे संस्कृत शिकवत आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी शिकत. मनोरमेचा बराच काळ वांटेजला मठातल्या जोगिणींजवळ गेला. त्यांच्यापैकी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंचं नातं पत्रव्यवहारात फार बारकाईने दिसतं. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. इंग्रजी पत्रात मराठी हाक. घरात आजी असावी तशी मठात एक आजी त्यांनी मानली होती, आणि आपल्या मुलीला तिच्या ओट्यात ठेवलं होतं.

वाद झाला तो या आजीबाईंशीच. १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या पत्रसंग्रहात तो वाचायला मिळतो. वरवर पाहता तो धर्मतत्त्वांचा वाद आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, बिशपांचं मत. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण चर्चने सांगितलेली प्रत्येक गोष्ट विनातक्रार मानायची त्यांची तयारी नव्हती. एका गुरुशाहीतून सुटून दुसऱ्या गुरुशाहीत जायचं नाही, ही त्यांची भूमिका. ख्रिस्ती झाल्यावरही त्या शाकाहारी राहिल्या, आणि याही गोष्टीत मठातल्यांना अहंकार दिसत होता.

आता याच पत्रांत मूल शोधून वाचा. मठाचं म्हणणं असं, की आम्ही मुलीला सांभाळतो, तर तिचं धर्मशिक्षणही आमच्या पद्धतीने झालं पाहिजे. रमाबाईंचं म्हणणं असं, की सांभाळ तुमचा, त्याबद्दल ऋणी आहे, पण आई मी आहे. मुलीने काय शिकावं याचा शेवटचा शब्द माझा. त्रैक्याचा वाद कागदावर होता, पण तो तापला तो एका चार वर्षांच्या मुलीने रात्री कोणती प्रार्थना म्हणावी यावरून. मला आता असं वाटतं, की मूल तिथे नसतं तर रमाबाई आणि जेराल्डिन यांची भांडणं बौद्धिक पातळीवर राहिली असती. मुलीमुळे ती घरगुती झाली, म्हणून अधिक खोल गेली.

यात जेराल्डिनबाईंना खलनायिका करण्याचं कारण नाही. दिवसभर मुलीला खाऊ घालणं, निजवणं, आजारपणात उशाशी बसणं हे ज्यांनी केलं त्यांना तिच्याबद्दल हक्क वाटणं स्वाभाविक होतं. पाळणाघर असो, सासू असो की मठ असो, मूल दुसऱ्याच्या हाती दिलं की त्या हाताचं वळण मुलाला लागतं. तळीयेच्या आजीने विचारलेला प्रश्न हाच होता.

उलट दिशेची मुलं

त्याच समुद्रावरून उलट कारणाने जाणारी मुलंही होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात ३० डिसेंबर १८६५ रोजी जन्मलेला रडयार्ड किपलिंग १८७१ साली, सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, तीन वर्षांच्या बहिणीसह इंग्लंडला नेला गेला आणि साउथसी इथे एका अनोळखी कुटुंबात ठेवला गेला. आईवडील मुंबईला परतले. ती वर्षं त्याला आयुष्यभर सलत राहिली. हा काही अपवाद नव्हता. हिंदुस्थानातल्या हवेत मुलं दगावतात, आयांच्या हाती 'देशी' होतात, म्हणून पाच-सात वर्षांची झाली की 'घरी' पाठवायची, ही राज्यकर्त्या वर्गाची रीतच होती.

राज्यकर्त्यांच्या मुलांना हिंदी आयांपासून दूर ठेवायचं, आणि हिंदी बाईच्या मुलीला इंग्रज जोगिणींच्या स्वाधीन करायचं, या दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत होती : चांगलं वळण इंग्लंडातच लागतं. रमाबाईंनी मठाचे उपकार नाकारले नाहीत, पण या समजुतीपुढे मान तुकवली नाही. त्या स्वतः हिंदुस्थानात परतणार होत्या आणि मुलीनेही आपल्या देशाची राहावं असं त्यांना वाटत होतं.

अकरा मार्च

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला रमाबाईंना बोलावलं. फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई मनोरमेला घेऊन अटलांटिकपार निघाल्या. हिवाळ्यातला तो समुद्र, आणि सोबत पाच वर्षांचीही न झालेली मुलगी. वांटेजमधल्यांना हा बेत पसंत नव्हता. तरीही मुलीला मागे न ठेवता बरोबर नेलं, ही गोष्ट मागच्या वर्षीच्या वादाच्या पार्श्वभूमीवर पाहावी.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. ज्या बाईचं मूल बाळंतपणानंतर दहा दिवसांत गेलं तिने हा विषय निवडावा, यावर वेगळं भाष्य करायला नको. त्या समारंभात एकीकडे मूल गमावलेली आई पदवी घेत होती आणि दुसरीकडे मूल घेऊन आलेली आई ते पाहत होती. तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये वेगवेगळ्या बंदरांतून निघालेल्या दोन वाटा तिथे भेटल्या. वर्षभराने, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात क्षयाने वारल्या. तेव्हा त्यांना बावीसही पूर्ण नव्हती.

रमाबाई अमेरिकेत राहिल्या. व्याख्यानं, शाळांची पाहणी, निधी. १८८७ साली त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघालं. ते त्यांनी आपली आई लक्ष्मीबाई यांच्या स्मृतीला अर्पण केलं. पण गावोगाव फिरताना लहान मुलगी बरोबर ठेवणं जमेना. काही महिन्यांनी मनोरमेला पुन्हा इंग्लंडला, वांटेजला पाठवावं लागलं. ज्यांच्याशी हक्कावरून वाद झाला, त्यांच्याच हाती मूल परत द्यावं लागलं. हिंदुस्थानातल्या बालविधवांसाठी घर उभं करायला निघालेल्या आईला स्वतःच्या मुलीला घर देता येत नव्हतं. याबद्दल रमाबाईंवर ठपका ठेवणारे तेव्हाही होते, आजही असतील. मी तो ठेवत नाही. त्याच काळात शिकायला विलायतेला जाणारे पुरुष बायका-मुलांना वर्षानुवर्षं मागे ठेवत, आणि त्यांना कुणी "मूल कुणाकडे ठेवलं" असं विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

जपान, हाँगकाँग करत रमाबाई १८८९च्या फेब्रुवारीत मुंबईला परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये कोकणातल्या बालविधवा गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. आणि त्या घरात मायलेकी पुन्हा एकत्र आल्या. दुसऱ्यांच्या मुलींसाठी बांधलेल्या घरातच मनोरमेलाही घर मिळालं.

मनोरमा पुढे पुन्हा शिकायला परदेशी गेली, अमेरिकेत राहिली, परत आली. शारदा सदनचं काम तिने सांभाळलं आणि गुलबर्ग्याला मुलींची शाळा उभी केली. १९२१ साली, चाळिशीत, ती वारली. आईने हयातभर उभ्या केलेल्या कामाची ती वारस ठरायची होती. रमाबाई मुलीनंतर काही महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला गेल्या.

पत्रांतली जागा

मनोरमेच्या प्रवासातून मी एवढंच शिकलो, की १८८३ ते १८८९ या सहा वर्षांची रमाबाईंची गोष्ट 'धर्मांतर' या एका शब्दात मावत नाही. वेताच्या पेटाऱ्यातून डोंगर उतरलेली मुलगी स्वतः आई झाली आणि तिने मुलीला दोन महासागर दाखवले. त्या प्रवासात तिचा खरा झगडा दोन गोष्टींसाठी होता : आपण शिकावं, आणि आपल्या मुलीच्या वाढीत आपलाच शब्द शेवटचा असावा. पहिली गोष्ट तिने मिळवली. दुसरीसाठी तिला पदोपदी तडजोड करावी लागली, पण हक्क मात्र तिने कधी लिहून दिला नाही.

मस्कतच्या सुनेचा अधूनमधून व्हिडिओ कॉल येतो. मागच्या गणपतीत मी तळीयेत होतो तेव्हाही आला. तान्हा आता धावतो. मोठी मुलगी तिथल्या शाळेत जाते, तीन भाषा मिसळून बोलते. आजीने मोबाइल हातात धरून तिला विचारलं, "काय गो, शुभंकरोती म्हणतेस ना?" मुलगी लाजली आणि आईकडे पाहू लागली. आई म्हणाली, "म्हणते, आजी. पण कधी म्हणायची ते तीच ठरवते." आजीने क्षणभर स्क्रीनकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. ठरवू दे. पण विसरू नको म्हणावं."